जोडपत्र क्रमांक सात

उरिबियाच्या कोर्टात मी दुभाषी.
माझी खुर्ची न्यायाधीशांच्या पंख्याखाली येत नाही,
साक्षीदारांच्या बाकाशीही नाही;
मधल्या फरशीवर, जिथे वाऱ्याने आत आणलेली रेती
झाडूवाली सकाळी गोळा करते
आणि दुपारी ती पुन्हा असतेच.

खटला साधा.
मिठाचा ट्रक, मानाउरेकडून येणारा.
चालक हेर्मोहेनेस, वय चोवीस, राहणार बारांकिया.
सायकलवर आमचा एक मुलगा.
ब्रेकच्या खुणा अकरा मीटर.
मुलाचं नाव फाइलीत अठरा वेळा आहे.
आम्ही वायू लोक मेलेल्याचं नाव घेत नाही.
मी ते अठराही वेळा मोठ्याने वाचलं,
पगार त्याचाच मिळतो.

फाइलीत नाही ते असं:
तिसऱ्या दिवशी तोर्कुआतो पुशाइना,
जन्मभर दुसऱ्यांचे शब्द वाहून नेणारा म्हातारा,
काठी घेऊन बसने बारांकियाला गेला,
सात तास, ओकारीची पिशवी मांडीवर.
मेलेल्याचे मामा स्वतः जात नाहीत.
रागाला पाय फुटले की वाट रक्ताकडेच वळते,
म्हणून शब्द दुसऱ्याच्या तोंडी द्यायचा.
त्याने तो वाटेत सांडायचा नाही
आणि पदरचा थेंब त्यात घालायचा नाही.

"चाळीस शेळ्या," तो चालकाच्या आईला म्हणाला,
"एक खेचर. लाल मण्यांच्या दोन माळा,
त्यातली एक आसवांची."
बाई शिवणकाम करायची.
शेळी तिने ताटातच पाहिलेली.
"पोलिसांनी पाठवलं का?"
"नाही," तो म्हणाला, "मेलेल्यानं."

तिने शिलाईचं मशीन विकलं, भावाची मोटारसायकल विकली,
बाकीचे हप्ते.
तरी अडतीसच जमल्या, त्यातली एक लंगडी.
मामांनी लंगडीही मोजून घेतली.

सरकारी वकील उठले: ही लाच आहे का?
न्यायाधीशांनी चष्मा पुसून संविधान उघडलं.
त्यात आमच्यासाठी एक कलम आहे,
तुमचा कायदाही कायदाच म्हणतं,
जोवर तो आमच्या आड येत नाही.
जसं आपल्याच ओसरीवर आपल्याला कुणी म्हणावं,
बसा, घर तुमचंच समजा.
शेळ्यांची पावती, अंगठ्याच्या ठशासकट,
फाइलीला टाचली: जोडपत्र क्रमांक सात.

मग मामांना प्रश्न: आरोपीला माफ केलंत का?

इथे मी अडकले.
माफीला चर्चवाल्यांनी एक शब्द करून दिलाय,
पण तो रविवारचा.
मी विचारलं, "पोटात आता काय आहे?"
एस्तानिस्लाओ एपिएयू बराच वेळ
पंख्याकडे बघत राहिले.
"शेळ्या आल्या," म्हणाले.

मी सांगितलं: होय.

बावीस वर्षांच्या नोकरीत
इतका लांबचा अनुवाद दुसरा केला नाही.

शिक्षा तीन वर्षं.
मामांना कळेना. हिशेब मिटला, मग पोरगा आत कशाला?
आत बसून तो काय फेडणार, भिंतीचं?
मी हे शब्दशः पोचवलं.
न्यायाधीश म्हणाले, नोंद घेतली.
बेड्या घालताना चालक मला हळूच म्हणाला,
"मी दोनदा का फेडतोय?"
तो आपल्याच भाषेत विचारत होता,
मला ते कुणाला सांगायचं सुचलं नाही.

गेल्या जानेवारीत, आठ वर्षांनी,
मुलाची हाडं वर काढली.
मावशी कुणाशी न बोलता एकेक पुसत होती.
आवारात लंगडीची नातवंडं, चारी पाय धड.
आणि फाटकातून ती बाई आली, बारांकियाची,
हातात पांढऱ्या कापडाची पिशवी,
हाडं ठेवायला.
टाके हाताचे. वाकडे.

मावशीने पिशवी उलटून शिवण पाहिली,
बोट फिरवलं,
आणि हॅमॉकवर थोडी जागा केली.

मी तिथेच होते, पाच पावलांवर.
कुणी वळून विचारलं नाही
ती काय म्हणाली.